डावीकडची कोरी जागा

प्रेमिला ढोके नोकरीला लागली तेव्हा नागपूरच्या इंदोऱ्यातल्या तिच्या वस्तीत कुणालाच नीट सांगता येईना, की ही पोरगी नेमकं करते काय. "पुठ्ठ्याले भोकं पाडते," असं तिचे वडील दादाजी गिरणीतल्या सोबत्यांना सांगायचे. मग त्यांचं त्यांनाच ते हलकं वाटायचं, म्हणून लगेच पुढे जोडायचे, "पण थंड्या खोलीत बसून."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सिव्हिल लाइन्समधल्या त्या सरकारी कचेरीत त्र्याहत्तर साली कॉम्प्युटर बसला होता. मे महिन्यात अख्खं नागपूर भाजून निघायचं आणि तिथे मात्र स्वेटर घालून बसावं लागायचं. कॉम्प्युटरच्या शेजारी एक लांबट खोली होती, तिच्यात पंचिंगची मशिनं आणि त्यांच्यावर बसणाऱ्या मुली. प्रोग्राम लिहिणारे लोक आपला प्रोग्राम चौकटी आखलेल्या कागदावर लिहून द्यायचे, एका घरात एक अक्षर. मुलींनी तो पाहून टाइप करायचा. पण शाई उमटायची नाही, पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पडायची. एका ओळीचं एक कार्ड. अशी चळतभर कार्डं झाली की ती कॉम्प्युटरच्या तोंडात द्यायची, आणि तो त्यातून काय समजायचं ते समजून उत्तर छापून टाकायचा.

प्रेमिलाचा हात पहिल्यापासून जलद होता. मॅट्रिकनंतर टायपिंगच्या क्लासला ती जरीपटक्यापर्यंत पायी जायची, तिथेच बोटं तयार झाली होती. शेजारच्या मशिनवरची उत्तरा म्हणायची, "हिच्या मशिनचा आवाज आयकला का मले पाऊसच आल्यावानी वाटते."

अनंत रामटेके त्या कचेरीत आला तो पुढच्या वर्षी. उंच, सावळा, चालताना जरासा पुढे झुकणारा. त्याचा बाप लहानपणीच गेलेला. आई बायजाबाई बिड्या वळायची, आणि बिड्या वळूनच तिनं त्याला बी.एस्सी. केलं होतं. छप्पन साली नऊ वर्षांच्या अनंताचं बोट धरून ती दीक्षेला गेली होती. त्या गर्दीत पोरगा हरवू नये म्हणून तिनं त्याचा सदरा आपल्या पदराला गाठ मारून बांधला होता, ही गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि अनंत दरवेळी लाजायचा.

त्याच्याकडे काम आलं ते पाण्याचं. पाऊस इतका पडला, कालव्याला इतकं सोडलं, उन्हानं इतकं उडालं, तर उन्हाळ्याच्या शेवटी तलावात किती उरेल याचा हिशेब. प्रोग्राम मोठा होता. त्यानं तो दोन महिने लिहिला आणि पंचिंगला पाठवला. तो प्रेमिलाच्या वाट्याला आला. यंत्राचा कायदा एवढाच होता, की ओळ सातव्या घराच्या अलीकडे सुरू करायची नाही. पलीकडे कुठूनही सुरू करा, त्याला फरक पडत नसे. अनंतच्या कागदावर काही ओळी सातव्या घरापासून होत्या, काही दहाव्या, काही तेराव्या, काही त्याच्याही आत. प्रेमिलाला वाटलं, माणूस नवा आहे, हात बसलेला नाही. तिनं सगळ्या ओळी सातव्या घरावर आणून उभ्या केल्या आणि कार्डं पाठवून दिली.

प्रोग्राम चालला. तरी दुसऱ्या दिवशी अनंत प्रोग्रामचा छापील कागद हातात घेऊन पंचिंगच्या खोलीच्या दारात उभा.

"प्रेमिलाबाई, एक विचारू का? माह्या ओळी साऱ्या डावीकडे काहून सरकल्या?"

"चालला नाही का प्रोग्राम?"

"चालला नं. मशीन कोऱ्या जागेकडे पाहतच नाही."

"मग?"

"मले पाह्यचं असते नं."

त्यानं स्टूल ओढलं आणि आपला लिहिलेला कागद तिच्यापुढे ठेवला. "हे पाहा. हे महिन्याचं काम. त्याच्या पोटात रोजचं काम. रोजच्या पोटात सकाळ-संध्याकाळचं. आतलं काम आत लिहिलं का डोळ्यालेच दिसते, कोण कोणाच्या पोटात हाय ते. साऱ्याईले एका रांगेत उभं केलं, तर दोन महिन्यानं मीच म्हणीन, कोण्या बयताडानं लिहिलं हे."

प्रेमिलाला हसू आलं. पण तिनं ती सगळी कार्डं पुन्हा केली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. या वेळी डावीकडची प्रत्येक कोरी जागा जशीच्या तशी सोडली. नवीन छापील कागद निघाला तेव्हा तिनं तो लांबून पाहिला. पायऱ्या पायऱ्या दिसत होत्या, आत उतरणाऱ्या आणि परत वर येणाऱ्या. वाचता तिला त्यातलं फारसं येत नव्हतं. पण आवडला तो कागद तिला.

त्यानंतर त्याचं सगळं काम तिच्याकडेच येऊ लागलं.

मग रजिस्टरचं प्रकरण निघालं. कार्डांचा भरवसा नसायचा. ट्रे हातातून पडला की सगळा क्रम जायचा. म्हणून प्रत्येक प्रोग्रामचा छापील कागद कापून रेकॉर्डच्या रजिस्टरात डकवून ठेवायचा नियम होता. हे काम नत्थूजींकडे. नत्थूजी भला माणूस, पण कागद रुंद आणि रजिस्टर अरुंद. आत सरकलेल्या ओळींची शेपटं पानाबाहेर लोंबायची. म्हणून ते कात्रीनं एकेक पट्टी कापायचे आणि डावीकडे सरकवून समासाला लावून डकवायचे. पान दिसायला चोख. अनंतनं ते पाहिलं आणि डोक्याला हात लावून बसला.

"नत्थूजी, तुम्ही तर माह्या प्रोग्रामची इस्त्री करून टाकली."

"मंग काय करू साहेब? पान पुरून नाही राहिलं."

"रजिस्टर आडवं करा," प्रेमिला मागून म्हणाली. ती कार्डं पोचवायला आली होती. "पान आडवं धरलं तर पुरते."

नत्थूजींनी कात्री तिच्याच हातात दिली. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत दोघं रेकॉर्ड रूममध्ये बसू लागली. ती घरून डब्याबरोबर मैद्याची खळ करून आणायची. तो कागद धरायचा, ती लावायची. ओळ वाकडी जाऊ नये म्हणून दोघांनी दोन टोकं धरायची आणि हळूहळू खाली टेकवायची. बोलणं फार व्हायचं नाही. एकदा तो म्हणाला, "तुम्ही जागा सोडता नं, ते मले लय आवडते." आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तो खळीच्या डब्याचं झाकण शोधू लागला.

लग्न व्हायला एकोणऐंशी साल उजाडलं. प्रेमिलाच्या पाठच्या दोन बहिणी मार्गी लागल्याशिवाय तिनं हो म्हटलं नाही, आणि अनंतनं घाई केली नाही. विहारात लग्न झालं. पांढरं लुगडं, पांढरा सदरा, सगळ्यांना चहा आणि चिवडा. प्रताप नगरात दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. बायजाबाई सोबत आली. तिला ती वस्ती आवडेना, शेजारी बोलत नाहीत म्हणायची. मग तिनंच सगळ्यांशी बोलायला सुरुवात केली.

सकाळी दोघं एकाच सायकलवर कचेरीला निघायची. ती मागे कॅरिअरवर. लॉ कॉलेजच्या चौकात ती उतरायची, कारण पुढे ओळखीची माणसं भेटत. तिथून ती पायी चालायची आणि तो तिच्याबरोबरीनं इतकी हळू सायकल चालवायचा की पडता पडता वाचायचा. हिवाळ्यात संत्री निघाली की रविवारी दुपारी अंगणात खाट टाकून तो संत्रं सोलत बसायचा. फोडीवरचा एकेक पांढरा दोरा काढायचा, साफ केलेल्या फोडी ताटलीत मांडायचा. ती म्हणायची, "इतकं कायले करता? असंच खातात." तो म्हणायचा, "खाय नं तू. मले करू दे."

असे दोन हिवाळे गेले.

एक्क्याऐंशीच्या पोळ्याच्या सुमारास त्याला ताप आला. साधा ताप म्हणून घरीच राहिला. संध्याकाळी तो बायजाबाईला विचारू लागला, की शाळेची घंटा झाली का. रात्र पडायच्या आत त्याला झटका आला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. मेंदूज्वर, डॉक्टर म्हणाले. त्या सालात तो बऱ्याच जणांना झाला होता, त्यातले पुष्कळ गेले होते.

अनंत गेला नाही. सासू आणि सून पाळीपाळीनं त्याच्या उशाशी बसल्या. एका सकाळी त्यानं डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "माय, भूक लागली."

बायजाबाई रडत रडत बाहेर धावली. प्रेमिला नळावर कपडे धूत होती. "ये वं पोरी, ये, बोलला तो." प्रेमिला ओल्या हातानंच आत आली. अनंतनं तिच्याकडे पाहिलं. मग परक्या बाईसमोर माणूस करतो तशी त्यानं चादर छातीवर ओढून घेतली आणि नम्रपणे म्हणाला, "बाई, माह्या मायले चहा भेटन का थोडा?"

तिला वाटलं, तापाची गुंगी आहे, उतरेल.

उतरली नाही. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं ते तिला शब्दन् शब्द कळलं नाही, पण मतलब कळला. जुनं शाबूत आहे, गेल्या दहा-बारा वर्षांचं पुसलं गेलं आहे. अक्षरंही गेली आहेत. त्याला ती दिसतात, पण वाचता येत नाहीत. थोडंफार परत येईल, सगळं येईलच असं नाही. "धीर धरा," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात तिनं लग्नाचा फोटो त्याच्यापुढे धरला. त्यानं स्वतःला ओळखलं. "हा मी." मग बाजूच्या मुलीवर बोट ठेवून आईला विचारलं, "ह्या कोण?"

"तुही बायको होय रे बाबू," बायजाबाई म्हणाली. "हे काय तुह्या पुढं उभी हाय."

अनंतनं फोटोकडे पाहिलं, प्रेमिलाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर घाबरल्यासारखं काहीतरी आलं. आपल्या हातून मोठी चूक झाली आहे पण कोणती ते कळत नाही, असं. "माफ करा बाई," तो म्हणाला.

तिनं फोटो पेटीत ठेवून दिला.

तो तिला बाईच म्हणत राहिला. तुम्हीच म्हणत राहिला. तिनं जेवायला वाढलं की "बस बाई, पुरे" म्हणायचा. तिनं डोक्याला तेल लावलं तर अंग चोरून बसायचा. आतल्या खोलीत ती झोपायला आली की तो उठून बसायचा आणि आईकडे पाहायचा. शेवटी तिनं आपली वळकटी स्वयंपाकघरात नेली. दुसऱ्या दिवसापासून बायजाबाईनं चुलीपाशी आपली बिड्यांची सूपं ठेवणं बंद केलं, सुनेला पाय पसरायला जागा व्हावी म्हणून.

दादाजी एकदा मुलीला भेटायला आले. उठताना दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "पोरी, घरी चाल म्हणत नाही मी. पण तुले वाटलं कधी, तर दार उघडं हाय."

"त्याईले कोण पाहीन बाबा?"

"त्याची माय हाय."

"ते म्हातारी होऊन राहिली."

दादाजी गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

प्रेमिला कामावर परत गेली. दिवसभर बायजाबाई त्याला सांभाळायची. तो घरातली बारकी कामं करू लागला होता, शेंगा निवडायचा, पाणी भरायचा. शांत असायचा. कधीकधी जमिनीवर बोटानं रेघा ओढत बसायचा. बायजाबाईला वाटायचं, लहानपणी खेळायचा तसलं काही. प्रेमिलानं एका संध्याकाळी त्या रेघा पाहिल्या. एक रेघ, तिच्याखाली जरा उजवीकडे सरकून दुसरी, मग तिसरी आणखी आत, मग परत बाहेर. ती दारातच थबकली.

त्याचा प्रोग्राम आणून त्याला दाखवायचा, हे तिच्या मनात तेव्हा आलं.

पण कचेरीतही दिवस पालटले होते. नवं यंत्र आलं होतं, त्याला कार्डं लागत नव्हती, पडद्यासमोर बसून टाइप करायचं. ती रजेवर असताना जुने प्रोग्राम बाहेरच्या माणसांकडून नव्या यंत्रात चढवून घेतले होते. ती विभागप्रमुख मनोहररावांकडे गेली. मनोहरराव वयानं मोठे, अनंतवर जीव असलेले. ऐकून घेताना त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ते रजिस्टर तर गेलं प्रेमिलाबाई," ते म्हणाले. "जुना माल रद्दीत निघाला त्यात. कार्डं बी गेली. आता नव्या मशीनमधून काढून देतो मी तुम्हाले. एकही अक्षर कमी नाही त्यात."

त्यांनी स्वतः उभं राहून तो छापून घेतला आणि बांधून दिला. तिनं चौकात सुद्धा उलगडून पाहिला नाही. घरी येऊन हातपाय धुऊन, तो जेवून स्वस्थ बसला तेव्हा त्याच्यापुढे ठेवला.

अनंतनं पहिलं पान पाहिलं. दुसरं पाहिलं. मग गठ्ठ्याची कड नीट करून तो बाजूला सरकवला. "कोणाचं होय हे?" त्यानं विचारलं. विचारायचं म्हणून.

तेव्हा तिनं पाहिलं. सगळ्या ओळी डावीकडे एका रांगेत, भिंतीसारख्या सरळ. चढवणाऱ्यांनी कोऱ्या जागा टाकून दिल्या होत्या. यंत्राला नको होत्या, त्यांनाही नको होत्या. यात कुणाचं चुकलं असं तिला म्हणता येईना. तिनंही पहिल्यांदा तेच केलं होतं.

चौकटीच्या जुन्या कागदांची एक थप्पी उत्तरानं कपाटात जपून ठेवली होती, ती तिनं मागून आणली. आणि रविवारी दुपारी अंगणातल्या खाटेवर बसून ती तो प्रोग्राम हातानं लिहू लागली, एका घरात एक अक्षर, आणि डावीकडे त्याच्यासारखी जागा सोडून. कुठली ओळ कोणाच्या पोटातली, ते आता तिला वाचून कळत होतं. इतकी वर्षं ऐकून, पाहून, डकवून तेवढं आलं होतं. जिथे कळत नव्हतं तिथे ती डोळे मिटायची आणि बोटांना विचारायची, इथे आपण किती वेळा कोऱ्या जागेची कळ दाबायचो. बोटं पुष्कळदा सांगायची, कधी सांगायची नाहीत. पुष्कळ रविवार गेले त्यात. बायजाबाई येताजाता पाहायची. एकदा म्हणाली, "इतका कोरा कागद वाया जाऊन राहिला वं." प्रेमिला म्हणाली, "जाऊ द्या माय."

पूर्ण झालं त्या दिवशी तिनं पानं एकाखाली एक खाटेवर मांडली. अनंत अंगणात रोपांना पाणी घालत होता. तो सहज वळला.

हातातला गडवा त्यानं खाली ठेवला. खाटेजवळ येऊन तो वाकला. मग गुडघे टेकून खाली बसला आणि उजव्या हाताचं बोट त्यानं पहिल्या ओळीच्या आरंभावर ठेवलं. बोट ओळीवर चाललंच नाही, ते डाव्या कडेनं खाली निघालं. एक पायरी आत, आणखी एक आत, एक बाहेर. पान संपलं, दुसऱ्यावर गेलं. ओठ हलत होते.

तिसऱ्या पानाच्या मध्ये बोट थांबलं. तिथून ते उजवीकडे सरकलं, जिथे कागद कोरा होता तिथे.

"हे इथं नाही," तो म्हणाला. "हे आत. आणखी आत. तलाव आटला का हे होते."

दवाखान्यातून आल्यापासून इतकं लांब, इतकं जोडून तो पहिल्यांदाच बोलत होता. प्रेमिलानं पेन्सिल घेऊन ती ओळ खोडली आणि आत लिहिली. त्यानं मान हलवली.

"कोणी लिहिलं हे?" तिनं विचारलं. आवाज नीट राहावा म्हणून ती कागदाकडे पाहत होती.

"मी."

"अन् पंच कोणी केलं होतं? कार्डं?"

त्याच्या कपाळावर आठी पडली. मग ती हळूहळू उलगडली आणि चेहरा असा झाला, जसा तिनं दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"होती एक," तो म्हणाला. "पोरगी होती. जागा सोडत जाय ते. बाकीच्या सोडत नव्हत्या."

"कुठं हाय ते आता?"

"माहीत नाही." त्यानं तिच्याकडे वर पाहिलं. "तुम्ही ओळखता का बाई तिले?"

बायजाबाई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाशी धरला. प्रेमिलानं पानं गोळा करायला घेतली. एक पान वाऱ्यानं उडालं ते तिनं पकडलं.

"ओळखते," ती म्हणाली.

"तिले सांगजा," अनंत म्हणाला, "मी याद करून राहिलो म्हणून."

त्यानंतर दर रविवारी पानं मांडायची, हे ठरूनच गेलं. तो बोटानं कडा उतरायचा, खूश असायचा. आणि मध्येच विचारायचा, "ते आली नाही का?" प्रेमिला सांगायची, "येईन. काम असते तिले." तो समजूतदारपणे मान हलवायचा. सकाळी उठून स्वतःहून दाढी करून बसायचा. फाटकाचा आवाज झाला की मान वर करायचा. ती स्वयंपाकघरातून ते पाहायची. स्वतःचाच मत्सर वाटणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच माहीत. ज्या मुलीची हा माणूस वाट पाहत होता, तिला तो काय काय सांगणार होता, आणि तिच्या हातचं जेवून तो तिलाच "बाई" म्हणत होता.

एकदाच तिनं ते करून पाहिलं. केस तेव्हासारखे दोन वेण्यांत घातले, मैद्याची खळ केली आणि त्याच्यासमोर बसून म्हणाली, "ते मीच होय. प्रेमिला. आपण रजिस्टरात कागद डकवत जाव, दोघं. आठवते का?"

अनंतनं तिच्याकडे निरखून पाहिलं. त्याला तिला दुखवायचं नव्हतं, ते स्पष्ट दिसत होतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "नाही बाई. ते लहान होती." मग तो उठून भिंतीकडे तोंड करून झोपला. संध्याकाळपर्यंत त्यानं काही खाल्लं नाही. आईला एवढंच म्हणाला, "ते आता येत नाही वाटते, म्हणून बाई असं सांगून राहिल्या."

प्रेमिलानं वेण्या सोडल्या. पुढच्या रविवारी पानं मांडली आणि त्यानं विचारल्यावर पुन्हा सांगितलं, की येईल.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात झटके वाढले. औषध बदललं, थोडे कमी झाले, परत वाढले. तो बारीक झाला. बोट कागदाच्या कडेवरून घसरू लागलं, मग प्रेमिला त्याचं मनगट धरून बोट फिरवायची. तेवढं तो करू द्यायचा. तिच्या हाताला तो आताशा अंग चोरत नव्हता. कधी तिनं हात काढला तर बाजूला चाचपडायचा. तिला त्या दिवसांत तेवढंच मिळालं आणि तेवढ्यावर ती जगली.

एका सकाळी ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत होती. बायजाबाई पायांशी बसून तळवे चोळत होती. पाणी आत गेलं नाही, ओठांच्या कोपऱ्यातून खाली आलं. प्रेमिलानं ते पदरानं पुसलं, पुन्हा एक चमचा धरला. मग तिला कळलं. तो काही बोलला नाही. कुणाकडे पाहिलंही नाही.

घर माणसांनी भरलं. कचेरीतली सगळी आली, मनोहरराव आले, उत्तरा आली. नत्थूजी अंगणात उन्हात उभे राहिले, आत यायची त्यांना हिंमत होईना. बायका बायजाबाईभोवती बसल्या होत्या. त्यांना ती सांगत होती, "जाताना नाव घेतलं त्यानं तिचं. 'प्रेमिला' म्हणून हाक मारली. म्या आयकलं नं. ओळखलं त्यानं शेवटी."

प्रेमिला भिंतीला टेकून बसली होती. तिनं सासूकडे पाहिलं. म्हातारीचे डोळे तिच्याकडेच होते, असे की आता तू काही म्हणू नको. प्रेमिलानं मान खाली घातली.

दादाजींनी दार उघडंच ठेवलं होतं, पण ती गेली नाही. नव्या यंत्रावर तिचा हात बसला. कचेरीत एकदोघांनी चांगल्या मनानं स्थळं सुचवली, ती ऐकून घ्यायची आणि घरी यायची. सासू-सून त्याच दोन खोल्यांत राहिल्या. स्वयंपाकघरातली वळकटी परत आतल्या खोलीत आली, म्हातारीच्या बाजूला. दोघी दिवसाकाठी चार वाक्यं बोलायच्या, पण एकीला घरी यायला उशीर झाला की दुसरी फाटकाशी उभी असायची.

पुढे बायजाबाईचं ऐकणं गेलं, मग आठवणही विरळ झाली. जेवली की नाही ते तिच्या ध्यानात राहीना. अनंताला कुठे पाठवलं, असं एखाद्या वेळी विचारायची आणि मग आपलं आपल्यालाच आठवून गप्प व्हायची. एका दुपारी प्रेमिला तिचे केस विंचरत होती. म्हातारीनं तिचा हात धरून थांबवला. चेहऱ्यावर धास्ती होती.

"पोरी, तू होती नं वं तिथं? तो गेला तवा?"

"होती माय."

"नाव घेतलं होतं नं त्यानं तुहं? का मलेच वाटून राहिलं?"

प्रेमिला तिच्या कानाशी वाकली. आता मोठ्यानं बोलावं लागायचं.

"घेतलं होतं माय," ती म्हणाली. "मी बी आयकलं."

म्हातारीनं हात सोडला आणि मान पुढे केली. प्रेमिला उरलेले केस विंचरू लागली.